पौर्णिमाच्या बाळाचं पाणी

माणिकबाई पूर्णेच्या डोहातल्या. बोटांमध्ये पातळ पडदे, कानांमागे कल्ले. डोहकऱ्यांची सगळी जातच तशी. दिवसा जमिनीवर कामधंदा करायचा आणि निजायला पाण्यात उतरायचं. तान्हं बाळ मात्र कल्ले पक्के होईपर्यंत पाण्यातच ठेवावं लागे. पाणी खारं असलं, की त्याचे कल्ले मिटत. मिटलेले पुन्हा उघडत नसत.

म्हणून बाळाचं पाणी घरातली थोरली बाई पारखी. मनगट बुडवायचं, खार असेल तर कातडी चुरचुरते.

माणिकबाईंचा जन्म अकोल्याच्या बाजारात उन्हात बसून शिंगाडे विकण्यात गेला. अंगावर ओलं पोतं घेत, पण हात उघडेच राहत आणि उन्हाने त्यांची कातडी राठ होत गेली. शेजारची भाजीवाली पार्वताबाई हसायची, "काहून वं माणिक, बेडकीची घोरपड झाली तुई!" माणिकबाईही हसत.

यंदा उन्हाळ्यात डोह आटला. मुलगा देवानंदने नव्या बोअरचं पाणी आणून टाकं भरलं. सून पौर्णिमा तान्ह्या खुशीला कडेवर घेऊन उभी होती.

"आई, पाहता का?"

माणिकबाईंनी मनगट बुडवलं. काहीच चुरचुरलं नाही.

"गोड हाये. सोड लेकराले."

त्याच रात्री खुशी श्वासासाठी तोंड उघडून वर यायला लागली. पौर्णिमाने घाबरून तिला उचलायला टाक्यात हात घातला आणि ती ओरडली, "आई, हे तं खारं हाये!"

माणिकबाईंनी हात कोपरापर्यंत बुडवला. मग दुसरा. शेवटी ओंजळभर पाणी प्यायल्या, तेव्हा कळलं.

"माय, तुले समजलं कसं नाई?" देवानंदने विचारलं. माणिकबाईंनी आपल्या मनगटाची राठ कातडी नखाने खरवडली.

खुशी जगली. कानांमागची कातडी मात्र सांधली गेली.

श्रावणात डोह भरला. संध्याकाळी अख्खी गल्ली निजायला पाण्यात उतरली. पौर्णिमा पोरीला छातीशी धरून काठावरच थांबली.

"जाय तू," माणिकबाई म्हणाल्या. "किती दिवस कोरडी निजशीन? अंग फाटून राहिलं तुयं. मी बसतो हिच्यापाशी."

पौर्णिमाने खुशीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मागे न बघता डोहात शिरली.

खुशीला वाटलं, आई खेळतेय. ती पाण्याकडे बघून खुदकन हसली आणि आई वर यायची वाट बघत बसली.