पीडीएफमधला नवरदेव

आमच्या घरात आजवर तीन गोष्टी नीट पारखून घेतल्या गेल्या: ट्रॅक्टर, म्हैस आणि पीडीएफ करायचं सॉफ्टवेअर. पहिल्या दोन चांगल्या निघाल्या.

सॉफ्टवेअरची गरज पडली ती माझ्या लग्नासाठी. मी अवसरी खुर्दला शेती करतो. (शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं किती सोपं आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हसू नये.) त्या वर्षी चांगली चांगली स्थळं 'मुलगा नोकरीला हवा होता' म्हणून परत गेली होती. अशात जुन्नरकडचं एक स्थळ आलं. मुलगी अश्विनी, लॅबमध्ये रक्त तपासणारी, आणि तिला शेतकरी चालणार होता! फोटो पाहिला आणि वाटलं, हीच. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मला खरोखर वाईट वाटलं असतं.

अडचण एकच होती. मुलीचे मामा घोडेगावला कचेरीत नोकरीला. दाखला असो की नवरदेव, त्यांना सगळं पीडीएफमध्येच लागायचं. त्यांचा फोन आला, "पावणं, तुमची फाइल आमच्या मोबाइलवर उघडली की अक्षरं निसती नाचत्यात. बायोडाटा पीडीएफ करून धाडा."

दुकानात जाऊन करून आणावी म्हटलं, तर आई आडवी आली. "दुकानात दिलं की सांजच्याला गावाला कळतं. मागलं स्थळ मोडल्यालं मला भाजीवालीनं सांगितलं व्हतं!"

म्हणून घरीच करायचं ठरलं. मी कॉलेजातला जुना लॅपटॉप ओट्यावर मांडला. अप्पा, म्हणजे माझे वडील, बैलबाजारात बसावं तसे शेजारी येऊन बसले.

"हे नावाजलेलं आहे," मी म्हणालो, "पण दर महिन्याला पैसे पडतात."

"दर म्हैन्याला? पेंड खातंय का काय त्ये? पुढचं दाव."

"हे फुकट. फक्त आपली फाइल त्यांच्या वेबसाइटवर चढवायची. कंपनी परदेशातली आहे."

"आपलं सोयरं परदेशात कशाला धाडायचं?" आई आतून ओरडली. तेही बाद झालं.

तिसरं फुकट होतं आणि वर चक्क मराठीत बोलत होतं. पडद्यावर 'आपले स्वागत आहे' उमटलं आणि अप्पा विरघळले. "घे ह्येच. आपलं माणूस हाय!"

बायोडाटाही अप्पांनीच सांगितलेला होता. आधी सोयरे. माझे मामा, आत्या, चुलते, चुलत्यांचे व्याही, त्या व्याह्यांच्या विहिरींना पाणी कुठवर टिकतं, सगळं. पहिलं पान त्यांनीच भरलं आणि ज्याचं लग्न तो फोटोसकट दुसऱ्या पानावर गेला. ("लोकं घराणं बघत्यात, थोबाड कोन बघतंय?" इति अप्पा.) मी बटण दाबलं, पहिलं पान उघडून पाहिलं, लख्ख होतं. लगेच धाडून दिलं. मुलीच्या मामांनी ते तितक्याच तत्परतेनं त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर टाकलं.

संध्याकाळी मामांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"पावणं, घराणं लई बेस हाय. पण त्या पैशाचं काय?"

"पैशाचं आपण बसून ठरवू की," अप्पा म्हणाले. "लगीन निम्मं निम्मं करू."

"लग्नाचं न्हाई वो. पोराला काढून टाकायचं पैसं!"

"कुठनं काढून टाकायचं?"

"आता ते तुमीच लिवलंय! पोराच्या छातीवर!"

अप्पांनी माझ्या छातीकडे पाहिलं. (मीही पाहिलं.)

मग मी धावत जाऊन दुसरं पान उघडलं. माझ्या फोटोवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका, तांबडा शिक्का होता: 'मोफत आवृत्ती. हे काढून टाकण्यासाठी पैसे भरा.' फुकटवाल्यांना पहिलं पान कोरं मिळतं आणि शिक्का दुसऱ्यापासून सुरू होतो, हे आपल्या माणसानं बारीक अक्षरांत आधीच सांगितलं होतं. तेही मराठीतच!

"पोरगा फुकट म्हणताय आन् वर पैसं मागताय," मामा अगदी शांतपणे म्हणाले. "ही हुंड्याची नवी तऱ्हा हाय का?"

"हुंडा?" अप्पा ताडकन उठले. "आमी हुंडा मागणारी मानसं न्हाई!"

"मामा, तो सॉफ्टवेअरचा शिक्का आहे!" मी मध्ये घुसलो. "आत्ता दुसरी फाइल धाडतो!"

मी गुपचूप पैसे भरले. (एका फवारणीचं औषध आलं असतं. अप्पांना अजून सांगितलेलं नाही.) पैसे मिळताच आपलं माणूस फारच अदबीनं वागायला लागलं. 'फाइल सुरक्षित करण्यासाठी पासवर्ड द्या,' म्हणालं. मला वाटलं, द्यावाच लागत असेल. शिवाय त्या भावकीच्या ग्रुपचा धसका होताच. मनात जे होतं ते टाइप केलं आणि फाइल धाडली.

परत फोन. "पावणं, आता तर कुलूपच घातलंय. किल्ली सांगा."

मी अप्पांकडे पाहिलं.

"सांग की!" अप्पा खेकसले.

"मामा, मेसेज करतो."

"मेसेज कशाला? आमी समदी हितंच बसलोय. मोबाइल अश्विनीच्या हातात हाय, ती टायपती. बोला."

"ए," मी म्हणालो. "एस. एच. डब्ल्यू."

"म्होरं?"

"आय... एन... आय."

इकडे आईनं तोंडाला पदर लावला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"नाही. त्याला जोडून... संतोष." (संतोष म्हणजे मी.)

"पावणं," मामा म्हणाले, "ह्यो पासवर्ड हाय का उखाणा?"

तिकडे हशा उसळला. त्यात फोनच्या अगदी जवळचं एक हसू वेगळं ऐकू आलं. मग तोच आवाज म्हणाला, "मामा, उघडली फाइल. त्यांना घरी बोलवा."

लग्नाआधीच चारचौघांत नाव घेणारा नवरदेव म्हणून त्या भावकीत मी अजून ओळखला जातो. आता आमच्या संसाराला काही वर्षं झाली. पण अश्विनीनं ती पहिली, शिक्क्याची फाइल जपून ठेवली आहे. भांडण झालं की थोड्या वेळानं माझा मोबाइल वाजतो. दुसरं पान आलेलं असतं, त्यावर मी, माझ्या छातीवर तो तांबडा शिक्का आणि खाली तिचा मेसेज: "किती भरायचे?"

मी अजून आकडा सांगितलेला नाही. न जाणो, लगेच भरायची!