बोळातला हंसराज

नवऱ्याचा कंपनीतला शर्ट भिजत घालताना मशीनवर सोडतात त्या कूलंटचा आंबूस, तेलकट वास आला की मला आमच्या काळेवाडीच्या घरामागचा बोळ आठवतो. तिथं ऊन कधी पोचत नाही, म्हणून सासूबाईंनी चाकणकडच्या माहेरच्या विहिरीतून आणलेला हंसराज, काळ्या दांडीचा नाजूक नेचा, तिथंच लावला होता. पुढं ती विहीर बुजवून वर गोडाऊन झालं आणि माहेरचं तेवढंच उरलं. पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून नवऱ्यानं कंपनीतून कूलंटचा रिकामा निळा ड्रम आणला, धुऊन भरला आणि उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी हौसेनं त्यातलंच पाणी नेच्याला घातलं. सकाळी पानं काळवंडून लोंबत होती आणि मातीला हाच वास. "आई, मी धुतला होता गं," तो म्हणाला.  सासूबाईंनी गड्डा उपटला, सगळी पानं छाटली आणि प्यायच्या पाण्याचा हंडा आणून मुळांवर ओतायला सुरुवात केली. "आई, प्यायला काय उरेल?" मी विचारलं. "आज कमी प्या," एवढंच म्हणाल्या. बोडका गड्डा नव्या मातीत रोवल्यावर घरात त्याचा विषय कुणी काढला नाही. नवरा शिफ्टला जाण्याआधी बोळात डोकवायचा आणि मान खाली घालून निघायचा. आखाड संपता संपता एका सकाळी चहा गाळताना सासूबाई त्याला म्हणाल्या, "जा, बघून ये. फुटलाय त्यो." आता त्या नाहीत. नवरा कामावरून आला की अजूनही कोपरापर्यंत हात धुतो आणि मगच बोळात जातो.