घरमालकिणीचा हॉल

माझी आई कधी खोटं बोलत नाही. ती फक्त वाक्य लवकर संपवते. "आम्ही सेरंगूनलाच आहोत," असं ती सिंगापूरच्या मराठी मंडळींना सांगायची, आणि ते खरंच होतं. तिथला आमचा खासगी कॉन्डो फ्लॅट सुटला होता, सेरंगून सुटलं नव्हतं. आम्ही तिघं आता एका तमिळ आजींच्या सरकारी फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो, पण ते त्या वाक्यात येत नसे. "मी हार्बरफ्रंटला ऑफिसात जाते," हेही खरंच. ऑफिसातच जायची, तिथल्या कँटीनच्या गल्ल्यावर बसायला.

बाबा पुण्याहून सिंगापूरला आले ते आयटी मॅनेजर म्हणून. मी शाळेत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, मग नोकरी गेली आणि तिच्या मागोमाग बाकीचंही गेलं. पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, होतो म्हणून देश सोडावा लागला नाही एवढंच. मराठी मंडळाच्या गणपतीला आई तरीही तीच जांभळी पैठणी नेसून जायची. "बाबा कसे आहेत?" असं कुणी विचारलं की "घरूनच सगळं चालू आहे" असं सांगायची. लोकांना वाटायचं, घरून काम चालू आहे. खरं तर घरून व्यायाम चालू होता.

मला या सगळ्याचा राग यायचा. आईचा नाही, त्या लोकांचा, ज्यांच्यासाठी हे करावं लागत होतं. आई म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हणायचे, "मूठ झाकून कॉलेजची फी कोण भरणार आहे?" यावर ती कपड्यांच्या घड्या घालायला लागायची.

फीचं उत्तर बाराव्या इयत्तेच्या सुमारास सापडलं. एका संस्थेचा कार्यक्रम होता, बेताच्या घरातल्या हुशार मुलांसाठी. आपण आपल्या पसंतीची कॉलेजं क्रमाने लावायची, कॉलेजं त्यांच्या पसंतीची मुलं निवडणार, आणि दोन्ही बाजूंनी जुळलं की फी, राहणं, जेवण, विमानाचं तिकीट, सगळं त्यांच्याकडे. जुळलं नाही तर मला दुसरी वाट नव्हती. मला जहाजं कशी बांधतात ते शिकायचं होतं, आणि ते शिकवणारी कॉलेजं माझ्यासारख्या मुलीची वाट बघत बसलेली नव्हती.

आईला मी हे समजावलं तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे स्थळासारखंच की! पत्रिका जुळली पाहिजे." मी म्हटलं, तसंच समज. तिथेच माझी चूक झाली, कारण ती खरोखरच तसं समजली.

आधी अर्जासोबतच्या निबंधावरून वाजलं. संस्थेने प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक दिला होता. माझ्या वाट्याला आलेली ताई जेमतेम विशीतली, उत्साही, हातात सतत बबल टी. मी निबंध लिहिला होता हार्बरफ्रंटच्या फेरीबोटींवर. शाळा सुटल्यावर मी आईच्या कँटीनमध्ये अभ्यासाला बसायचे, आणि खिडकीतून समोरच्या बाताम बेटाहून येणाऱ्या फेरीबोटी धक्क्याला लागताना दिसायच्या. प्रवाह जोरात असला की कप्तान बोटीचं तोंड प्रवाहाकडे करून सावकाश धक्क्याजवळ आणतो, कारण तशी ती ताब्यात राहते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, बघून कळलं होतं आणि नंतर पुस्तकात सापडलं होतं. त्या आनंदाबद्दल मी लिहिलं होतं.

ताईने वाचलं आणि म्हणाली, "नाइस. बट व्हेअर इज युअर स्टोरी? युअर फादर्स इलनेस ऑल, नॉट इनसाइड."

"इट्स इन द फॉर्म," मी म्हटलं. अर्जात आजाराचा रकाना होता, तिथे मी सगळं भरलं होतं.

"फॉर्म इज फॉर्म लाह. डोनर्स मस्ट फील समथिंग." मग तिला एक कल्पना सुचली. "मेबी यू आर द फेरी? गोइंग अगेन्स्ट द करंट?"

"नो," मी म्हटलं. "द फेरी इज द फेरी."

मी निबंध बदलला नाही. बाबांची उजवी बाजू ही माझी पात्रता नाही, असं मला वाटत होतं आणि आजही वाटतं. बाबांनी माझी गणितं घेतली होती, डाव्या हाताने आकडे काढून, माझी चूक दिसली की टेबलावर बोट आपटून. त्यांना कुणाच्या डोळ्यांत पाणी आणण्याच्या कामाला लावायचा मला काय अधिकार होता?

निबंधाच्या बाबतीत मी मुलखाची हट्टी ठरले, आणि पुढच्या टप्प्यात आईने माझ्यावर मात केली. संस्थेचा माणूस घर बघायला येणार होता. आईने ऐकलं आणि ती कामाला लागली. ताटल्या घासल्या, काचेचे पेले काढले, बाबांचा निळा शर्ट इस्त्री केला आणि त्यांना बजावलं, "तुम्ही नुसतं हसा." मग ती घरमालकीण आजींकडे गेली आणि तासाभरासाठी त्यांचा हॉल मागितला. आजींनी आनंदाने दिला, वर सोफ्यावरचं प्लास्टिकही काढलं आणि स्वतः लेकीकडे निघून गेल्या.

"आई, ते गरीब आहोत का ते बघायला येतायत," मी ओरडले.

"बघू देत की. पण पाहुण्याला पलंगावर बसवू? तुझ्या बापाच्या पायाशी?"

पाहुणे आले. शांत, सभ्य, निवृत्त शिक्षक असावेत असे गृहस्थ. आईने त्यांना आजींच्या मोठ्या टीव्हीसमोर बसवलं आणि पुढ्यात कांदेपोहे ठेवले, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मागून शिरा, मग वेलदोड्याचा चहा. मी समोरच्या खुर्चीत गुडघे जुळवून बसले होते, नाव सांग, शिक्षण सांग, एवढंच बाकी होतं. बाबा हसत होते. गृहस्थांनी विचारलं, "सर स्टिल वर्किंग?" आणि आई म्हणाली, "अॅट होम." मी म्हटलं, "नो, ही कान्ट वर्क." पण तोवर आईने त्यांच्या बशीत आणखी एक डाव शिरा वाढला होता आणि ते नको नको म्हणण्यात गुंतले होते. आम्ही फक्त एका खोलीत राहतो, हे मी त्यांना दारात सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पोटभर खाऊन गेलेल्या माणसाला मी हे सांगत होते.

काही दिवसांनी बोलावणं आलं. अर्जात एक आणि भेटीच्या अहवालात दुसरंच, तेव्हा पालकांसह येऊन खुलासा करावा. मी त्या दिवशी आईशी बोलले नाही. आई पैठणी न नेसता साधा सुती ड्रेस घालून निघाली, तेव्हा ती घाबरलीय हे मला कळलं.

संस्थेचं ऑफिस तांजोंग पगारला, बाहेरून जुनं शॉपहाउस, खाली दुकान वर घर अशा बांधणीचं, आत सगळी काच. टेबलापलीकडे अध्यक्षबाई होत्या, चिनी, करड्या केसांच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाला बघून आईचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. ते आमच्या गणपतीतले काका होते, एका मोठ्या बँकेतले साहेब, संस्थेला देणगी देणारे आणि म्हणून समितीवर असलेले. आई त्यांना भावजी म्हणायची. बाबांचे ते जुने स्नेही, म्हणजे बाबा चालत-बोलत होते तेव्हाचे.

"अरे, वहिनी तुम्ही!" ते मनापासून खूश झाले. मग अध्यक्षबाईंकडे वळून त्यांनी आमच्यासाठी शब्द टाकला. आपल्याकडे कुणाचं काम अडलं की भला माणूस जसा शब्द टाकतो, तसाच. घराणं उत्तम आहे. मी यांना चांगला ओळखतो. वडील आयटीत मोठ्या पदावर, सेरंगूनला कॉन्डो, वहिनी ऑफिसात जातात. व्हेरी वेल सेटल्ड फॅमिली, व्हेरी कल्चर्ड. स्थळ सुचवताना याहून चांगली शिफारस कुणी केली नसती. माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाने प्रेमाने आमचा निकाल लावला.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "देन वी हॅव अ प्रॉब्लेम," त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या गरजू मुलांचा हक्क जातो, याची मला कल्पना आहे का, असंही त्यांनी विचारलं.

मी इंग्रजीत बोलले, पण भांडले मराठीतच. माझ्या अर्जात एक शब्द खोटा दाखवा, मी म्हटलं. डॉक्टरांचे कागद आहेत, आईच्या पगाराचा कागद आहे, खोलीचा भाडेकरार आहे. तुम्ही कागद वाचायचे सोडून सोफा बघितलात. गरिबाच्या घरात पेले घासलेले नसतात का? त्याच्याकडे पाहुणा आला तर त्याने काय द्यायचं, नुसतं पाणी? आणि निबंधात मी रडले नाही म्हणून जर माझं दुःख कमी भरत असेल, तर मला तुमचं कॉलेज नको. मी उठले. दाराची मूठही धरली.

"बस खाली," आई म्हणाली. तिने तो आवाज लावला की आजवर कुणी उभं राहिलेलं मला आठवत नाही. मग ती काकांकडे वळली आणि मराठीत बोलायला लागली.

"भावजी, कॉन्डो कधीच गेला. एका खोलीत राहतो आम्ही तिघं. हॉल घरमालकिणीचा होता, मी मागून घेतला. यांना झटका आला, उजवा हात चालत नाही, बोललेलं मलाही निम्मंच कळतं. मी ऑफिसात जाते ते कँटीनमध्ये, गल्ल्यावर बसते. तुमच्यापासून लपवलं, कारण तुमच्यापासूनच लपवायचं होतं. या बाईंपासून लपवायचं मला काही कारण नव्हतं."

अध्यक्षबाई तिघांच्या तोंडाकडे बघत होत्या. "व्हॉट डिड शी से?"

आईला इंग्रजी येतं. दिवसभर ती गल्ल्यावर इंग्रजीच बोलते, आणि कुणाकडे सुटे पैसे नसले तर भांडतेही. पण ती खुर्चीत मागे टेकली. "तुम्हीच सांगा, भावजी," ती म्हणाली. "मघाशी आमच्याबद्दल तुम्हीच सांगितलंत ना. आता हेही तुमच्याच तोंडून ऐकू दे."

आणि त्यांना सांगावं लागलं. एकेक वाक्य. "कँटीन" म्हणताना ते अडखळले, मग आईकडे बघितलं, तिने मान हलवली आणि ते पुढे गेले. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही, पण एक मान्य करते, त्यांनी एकही शब्द गाळला नाही.

अध्यक्षबाईंनी मग आईला थेट विचारलं, व्हिजिटरला हॉलमध्ये का बसवलं? आता आई इंग्रजीत बोलली. "गेस्ट," ती म्हणाली. "व्हेअर टु सिट? ऑन बेड?"

अध्यक्षबाई दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या, आणि पलंगावरच बसल्या, कारण खोलीत दुसरी जागा नाही. बाबांनी त्या दिवशी नुसतं हसायला नकार दिला. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं, इंग्रजीत, आणि त्याला फार वेळ लागला. आई मधे शब्द पुरवायला गेली तर त्यांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. बाई थांबल्या. वाक्य एवढंच होतं, "निबंध मी वाचलाय, प्रवाहाचं तिचं गणित बरोबर आहे, तुम्ही कुणाकडूनही तपासून घ्या."

मार्च उलटता उलटता जुळल्याचं कळलं. माझ्या पसंतीच्या यादीतलं दुसरं कॉलेज, समुद्राकाठचं, थंडीचं. आई कँटीनमध्ये होती, तिला फोन केला तर म्हणाली, "थांब, रांग आहे," आणि फोन चालूच ठेवून रडत रडत लोकांना सुटे पैसे देत राहिली. मला ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मंडळात मुलीचा सत्कार ठेवू या म्हणाले. तुमच्या कुटुंबाची परिस्थिती, तुमचा संघर्ष, लोकांपर्यंत पोहोचायला हवा, वहिनी. त्यावर मी स्वतः दोन शब्द बोलेन.

मी खुणेने नाही नाही म्हणत होते. आईने माझ्याकडे बघितलंही नाही.

"सत्कार करा," ती म्हणाली. "पोरीचे मार्क वाचून दाखवा, काय शिकायला चाललीय ते सांगा, टाळ्या वाजवायला लावा. आमच्या परिस्थितीवर मात्र तुम्ही बोलू नका, भावजी. ती ज्याला विचारायची असेल त्याने मला विचारावी. मी पहिल्या रांगेतच बसलेली असेन, यांना घेऊन."