डिकीत काय काय घ्यायचं

ड्रायव्हरच्या सीटखाली सामान कसं साचतं, ते कुणालाच सांगता येत नाही. कधी पाना निघतो, कधी सुतळीचा गुंडा, कधी कुणाची तरी एकच चप्पल. किश्शांचंही तसंच आहे. सोलापुरात आम्ही तिघं रोज सकाळी चहाला बसतो आणि रोज एक तरी किस्सा निघतो. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिणं माझं काम नव्हे. पण नंदा म्हणाली, लिहून काढा. म्हणून लिहितो.

तिघं म्हणजे मी, महिबूब आणि कांबळे. मी ट्रकचा पहिला ड्रायव्हर, महिबूब दुसरा. तीस वर्षं एका केबिनमध्ये काढली. कांबळे फिटर. आमची गाडी कुठंही बंद पडली की तो पान्यांची पिशवी घेऊन मिळेल त्या वाहनाने यायचा.

माझा एक नियम होता. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की मी डोळा मिटत नाही. गाडी उभी राहिली तरच झोपायचं. महिबूब चालवायचा तेव्हा मी शेजारी ताठ बसायचो. तो वैतागायचा.

"उस्ताद, सोनेकूच तो दूसरा डायवर रखते ना? फिर मैं कायकू हूँ?"

मी म्हणायचो, "रस्ता बघ."

*

नंदा माझी मुलगी. दवाखान्यात नर्स आहे. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली आणि स्वतःची घेतली. तीन वर्षं मी त्या गाडीत बसलो नाही.

अक्कलकोटला भाचीचं लग्न होतं. नंदा गाडी घेऊन दारात उभी, आणि मी पिशवी उचलून एसटी स्टँडकडे चालू लागलो. ती माझ्या शेजारून हळूहळू गाडी आणत राहिली. काच खाली करून म्हणाली, "अण्णा, एसटीचा ड्रायव्हर तुमच्या ओळखीचा आहे का?"

"त्याच्याकडे बिल्ला आहे!"

ती हसली नाही. लग्नात माझ्याशी बोललीही नाही.

गेल्या हिवाळ्यात तिनं ठरवलं, कन्याकुमारीपर्यंत गाडीनं जायचं, वाटेत तंबू टाकून राहायचं, आणि आम्हा तिघांना न्यायचं. महिबूब आणि कांबळे ऐकल्याबरोबर तयार झाले. मग ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही माझ्या गाडीत बसणार की नाही, एवढं सांगा. परत विचारणार नाही."

मी म्हणालो, "सामान काय घेतेस ते आधी बघू."

*

तिच्या मोबाईलमध्ये यादी होती. तंबू, स्लीपिंग बॅग, डोक्याला बांधायची बॅटरी, घडीच्या खुर्च्या, छोटा गॅस. मी विचारलं, "पाण्याचा कॅन?"

"बाटल्या आहेत की अण्णा. आता जागोजागी पाणी मिळतं."

मग तिला जेऊरची गोष्ट सांगितली. मे महिना. जेऊरच्या अलीकडे रेडिएटर तापला. बघतो तर कॅन रिकामा. चूक माझीच. समोरून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आली. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"एवढी मोटी गाडी, आन् पाणी न्हाय व्हय रं?"

गाडी गार होईपर्यंत ती थांबली आणि अख्खा हंडा मला रेडिएटरमध्ये ओतायला दिला. लांबून आणलेलं पाणी! माझाही घसा सुकला होता. पण मागायची मला सवय नाही. ती गेली. अर्ध्या तासानं तांब्या घेऊन परत आली.

"गाडीला त्वांड न्हाय म्हणून ती बोलत न्हाय. तुला काय झालं?"

तिचं नाव विचारायचं राहिलं. नंदानं दोन कॅन घेतले.

*

दुसरी वस्तू चाकामागं लावायचा लाकडी ठोकळा. तो मी माझाच दिला.

उजनीच्या पाण्याकाठी एका गावात केळी भरत होतो. गाडी उतारावर. महिबूब खाली उतरून मागच्या चाकाला ठोकळा लावत बसला. मी ओरडलो, "ब्रेक लावलाय की! वेळ कशाला घालवतोस?" त्यानं ठोकळा नीट बसवला आणि चहा प्यायला गेला.

तासाभरात ब्रेक सुटला. गाडी एक वीत मागं आली, ठोकळ्यावर टेकली आणि थांबली. मी गाडीच्या बरोबर मागं उभा होतो. माझ्या मागं पाणी.

आभार मानणं मला जमत नाही. मी महिबूबकडे गेलो आणि विचारलं, "चहा घेणार का?"

"अब्बीच पिया," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "हौ हौ, लेता मैं!"

तेव्हापासून आमच्यात आभाराची एवढीच रीत.

*

निघायच्या आदल्या रविवारी कांबळेच्या घरापुढं तंबू उभा करून बघायचं ठरलं. नंदा ड्यूटीवर होती. आम्ही म्हणालो, तीस वर्षं ट्रकवर ताडपत्री बांधली, हे एवढंसं कापड काय!

कांबळे आत शिरून तंबूच्या काड्या धरून बसला. मी एका बाजूनं, महिबूब दुसऱ्या बाजूनं. वरून आडवी दोरी टाकली, उभी टाकली, पाय लावून ओढली, गाठ मारली. शेवटच्या गाठीला आत काहीतरी करकरलं. महिबूबनं तंबूवर थाप मारली. "एक थेंब आत नै जाता!"

आतून आवाज आला, "पाण्याचं ऱ्हाऊ द्या, मी हितं हाय की! चेन उघडंना!"

संध्याकाळी नंदा आली. वाकलेल्या दोन काड्या बघून एवढंच म्हणाली, "तंबूला माल समजू नका. आत आपणच असतो."

*

मी गाडीत बसलो. पुढं, तिच्या शेजारी. विजापूर येईपर्यंत माझा उजवा पाय पायपुसणं दाबत होता.

"अण्णा, तिथं ब्रेक नाही."

"माहीत आहे. रस्ता बघ."

पहिला मुक्काम होस्पेटच्या पुढं एका शेतात. तिथं तंबू टाकायची सोय होती. शेजारी शहरातलं एक तरुण जोडपं. त्यांच्याकडे गाडीतला फ्रीज होता, रंगीत दिव्यांची माळ होती. फक्त गॅस संपला होता. नंदानं त्यांना जेवायला बोलावलं. आमच्याकडे डबाभर सोलापुरी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि गरम आमटी.

त्या जोडप्यातल्या मुलानं भाकरी पापडासारखी दाताखाली धरली आणि जबडा धरून बसला. कांबळे घाबरला. "दातानं न्हाय लेकरा! आमटीत चुर, आन् मग खा!"

तिसरी भाकरी चुरताना तो म्हणाला, "आजोबा, ही किती दिवस टिकते?"

महिबूब म्हणाला, "हमारे से ज्यादा!"

सकाळी ते जोडपं आमच्या पाया पडून गेलं. भाकरीला हात जोडून गेलं असतं तरी चाललं असतं.

*

दुसऱ्या दिवशी चढावर टायर पंक्चर झालं. आम्ही तिघं खाली उतरलो आणि तिघंही एकदम शिकवू लागलो. नंदानं कुणाचं ऐकलं नाही. एका चाकामागं ठोकळा, दुसऱ्या चाकामागं रस्त्याकडेचा मोठा दगड. जॅक लावला, टायर बदललं, नट आवळले. ठोकळा डिकीत टाकला. मग तो दगड दोन्ही हातांनी उचलून पार बांधापलीकडं नेऊन ठेवला.

हा आमच्यातला कडक नियम. चाकामागचा दगड रस्त्यावर सोडायचा नाही. मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर जातो. पण बरेच जण सोडून जातात.

कांबळेनं हळूच विचारलं, "वस्ताद, तुमी शिकवलं व्हय हे?"

"नाही."

नंदानं ऐकलं. हात पुसत म्हणाली, "तुमचा ट्रक गल्लीतून निघाला की मागचे दगड कोण उचलायचं? तुम्ही कधी बघितलंच नाही."

मी खाली पडलेला पाना उचलून डिकीत टाकला. मग तिला विचारलं, "चहा घेणार का?"

चहूकडे माळ. टपरी सोडा, झाडसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, "इथं कुठला चहा, अण्णा?"

महिबूब मागून म्हणाला, "हौ बोल, बेटी. हौ बोल!"

*

चित्रदुर्गच्या पवनचक्क्या दिसल्या, एवढं मला आठवतं. दुपारचं ऊन होतं.

मग एकदम गाडी उभी दिसली. झाडाखाली. माझ्या बाजूच्या काचेला माझाच टॉवेल लावलेला. मान अवघडलेली. नंदा स्टेअरिंगवर हात ठेवून बसली होती.

"कुठं आलो?"

"तुमकूर मागं पडलं."

"थांबून किती वेळ झाला?"

"आत्ताच थांबले."

बाहेर बाकावरून कांबळे ओरडला, "आत्ता कुटलं? तास झाला की! पोरगी जागची हाललेली न्हाय!"

महिबूब तरातरा आला आणि खिडकीत तोंड घातलं. चेष्टा नव्हती. खरंच रागावला होता.

"तीस साल, उस्ताद! तीस साल मैं चलाया! एक झपकी नै लिए तुम!"

मी चष्मा शोधू लागलो. तो नंदानं काढून पुढं ठेवला होता. माझ्या हातात देत तिनं विचारलं,

"अण्णा, चहा घेणार का?"