वह्या उघडा

पोर्ट हॅलममध्ये दुपारी चार वाजता रेडिओ लावणाऱ्या कोणाही माणसाला गस हलुश्काचा आवाज ठाऊक होता. त्याचा चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला होता. मर्व्ह लॅशर नावाचा निवेदक तासभर लोकांचे फोन घेई. विषय एकच, शहराचा बेसबॉल संघ. आठवड्यातून तीनदा तरी तो म्हणे, "लाइनवर आहे पश्चिम भागातला गस. बोल रे गस, आज कोणाची पाळी?" मग गस खाकरून सुरुवात करी, "मर्व्ह, मी चिडलेलो नाही. मी फक्त बेरीज सांगतो."

त्याच्या शेजारच्या घरात मी एकोणीस वर्षे राहिलो. आमचे कुंपण एकच होते. सरकारी शाळेच्या तळघरातले बॉयलर एकतीस वर्षे सांभाळून गस निवृत्त झाला होता, आणि बायको गेली त्या हिवाळ्यात त्याने मर्व्हला पहिला फोन केला होता. तो खालच्या मजल्यावर राहत असे. वरच्या मजल्यावर त्याची धाकटी बहीण डोलोरेस राहत असे. घटस्फोटानंतर ती बापाच्या घरी परत आली होती, आणि चौतीस वर्षे स्टेडियममधल्या एकशे अठराव्या विभागात सॉसेजचा ठेला चालवत होती.

चार वाजता वर डोलोरेसचा रेडिओ चालू असे. फोन करणाऱ्याने स्वतःचा रेडिओ बंद ठेवावा, अशी मर्व्हच्या मदतनिसाची ताकीद असे, कारण कोणी शिवी दिली तर ती कापता यावी म्हणून कार्यक्रम वीस सेकंद उशिरा बाहेर पडे. त्यामुळे गसचे प्रत्येक वाक्य आधी खालच्या स्वयंपाकघरात उमटे आणि वीस सेकंदांनी छतातून परत येई. "एकदा ऐकून माझं भागणार नाही, म्हणून देवाने दोनदा ऐकायची सोय करून ठेवलीय," असे डोलोरेस म्हणे. तरी रेडिओ तिने कधी बंद केला नव्हता.

गसच्या कपाटात त्रेपन्न वह्या होत्या. एकेका मोसमाची एकेक वही. त्यात प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू पेन्सिलीने, लहान लहान चौकटींत नोंदलेला. त्या चौकटींतून त्याने आपली मते काढली होती आणि ती मते, माझ्या समजुतीप्रमाणे, बरोबर होती. श्रीमंत शहरांचे संघ एका सामाईक पेटीत पैसे टाकतात आणि ते आमच्यासारख्या लहान शहरांना वाटले जातात. "हरलं तरी वाटा येतो, जिंकलं तरी तेवढाच येतो. मग जिंकण्यावर कोण कशाला खर्च करेल, मर्व्ह?" खेळाडू पहिली सहा वर्षे संघाच्या मुठीत असतो, नंतर त्याला बाजारभाव द्यावा लागतो. म्हणून आमच्या संघाचा मालक पाचव्या वर्षीच त्याला एखाद्या मोठ्या शहराच्या हवाली करी आणि बदल्यात एकोणीस वर्षांची तीन अनोळखी पोरे आणी. "दर पाच वर्षांनी हे आपल्याला सांगतात, पाच वर्षं थांबा. आपला संघ कसला, रोपवाटिका आहे ही. मालक म्हणतो परवडत नाही. नसेल परवडत. मग हिशेबाच्या वह्या उघडा. माझ्या त्रेपन्न उघड्या आहेत. कोणीही यावं आणि बघावं."

यातले दोन शब्द कोणीतरी सदऱ्यांवर छापले. त्या उन्हाळ्यात 'वह्या उघडा' लिहिलेले पिवळे सदरे घालून लोक स्टेडियममध्ये येऊ लागले. त्यातले निम्मे डोलोरेसच्या ठेल्यावर थांबत.

जुलैच्या अखेरीस रमीरो केसादाही दुसऱ्या शहराच्या संघात गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेतून पाच वर्षे त्याने एक चेंडू सुखासुखी जाऊ दिला नव्हता. खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस, आणि सामना चालू होता. चौथ्या डावात त्याला अचानक आत बोलावले. बाकाजवळ एकेक सहकारी उठून त्याला मिठी मारू लागला, तेव्हा वीस हजार लोकांना एकदम समजले. माझ्या शेजारी गसची पेन्सिल एका अर्धवट चौकटीवर थांबली होती. सामना संपेपर्यंत ती पुढे सरकली नाही. इतक्या वर्षांत मी त्याची अपुरी वही पाहिली ती हीच.

आणि ऑगस्टमध्ये त्याच मालकाने नवे स्टेडियम मागितले. खर्च शहराने करायचा. प्रत्येक खरेदीवर अर्धा टक्का जादा कर, तीस वर्षे. नोव्हेंबरात मतदान. लोकांनी नाही म्हटले, तर पुढच्या मोसमानंतर भाडेकरार संपताच संघ दक्षिणेला जाणार. गसने त्या आठवड्यात कराच्या विरोधात पाच फोन केले.

डोलोरेस एकसष्ट वर्षांची होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले होते. त्यांच्या शस्त्रक्रिया एकेक करून व्हायच्या होत्या, मध्ये वर्षभराचे अंतर ठेवून. ठेल्याच्या नोकरीतून मिळणारा आजारपणाचा विमा होता, म्हणूनच हे जमणार होते. सरकारी विमा पासष्टीला मिळतो. म्हणजे तिला आणखी चार वर्षे तो ठेला हवा होता. त्यात गुंतागुंत काही नव्हती. गसलाही हे ठाऊक होते. फक्त त्याच्या बेरजेत ते कुठे लिहायचे, हे त्याला कळत नव्हते.

मतदानाच्या आधीच्या रविवारी तिने कोबी घातलेल्या शेवया केल्या आणि मलाही बोलावले. सोमवारी मर्व्हने गसला प्रथमच स्टुडिओत बोलावले होते, समोरासमोर बोलायला.

"लोक माझ्या ठेल्यावर येतात," ती वाढता वाढता म्हणाली, "सॉसेज घेतात, कांदा जास्त मागतात आणि म्हणतात, तुझा भाऊ अगदी बरोबर बोलतो, डॉली. मी म्हणते, हो, लहानपणापासून बरोबर बोलतो. म्हणूनच त्याला कोणी खेळायला घेत नसे."

"मी चूक बोलतो का?" गसने विचारले.

"नाही. चूक बोलत असतास तर मी तुला गप्प बस म्हणाले असते. तू बरोबर आहेस, तेच तर झालंय." ती बसली, बसताना तिने टेबलाचा काठ धरला. "उद्या एकच वाक्य बोल. या वेळी होय म्हणा. मर्व्ह कारण विचारेल, सांगू नकोस. माझं नाव घेऊ नकोस. मालकाला चोर म्हण, हवं तर दोनदा म्हण. पण शेवटी ते एक वाक्य."

"आणि तो अर्धा टक्का? तीस वर्षं?"

"तीस वर्षांनी तू एकशे एक वर्षांचा होशील. तेव्हा कर तक्रार."

गस काट्याने कोबी ताटाच्या कडेला सारू लागला. मग म्हणाला, "म्हणेन."

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपासून तो गाडी चालवत नसे, म्हणून सोमवारी मी त्याला घेऊन गेलो. वाटेत त्याने ते वाक्य चार वेळा म्हणून पाहिले. या वेळी होय म्हणा. जोर कोणत्या शब्दावर द्यावा हे त्याला ठरवता येत नव्हते.

स्टुडिओच्या काचेबाहेर बसून मी सगळे ऐकले. सुरुवात चांगली झाली. मर्व्हने विचारपूस केली, जुन्या खेळाडूंचे विषय निघाले, दोघे हसले. मग मर्व्ह म्हणाला की लाइनवर मालकाच्या कचेरीतले एक गृहस्थ आहेत. त्या गृहस्थांचा आवाज फार सौम्य होता.

"गसच्या प्रेमाचा आम्हाला आदरच आहे," ते म्हणाले. "पण हे आकडे थोडे अवघड असतात. बॉयलर दुरुस्त करण्याइतकं सोपं नसतं ते."

मी गसच्या मानेकडे पाहत होतो. ती हळूहळू लाल होत गेली.

"मर्व्ह, मी चिडलेलो नाही," तो म्हणाला.

त्यानंतरची अकरा मिनिटे त्याच्या आयुष्यातली सर्वांत उत्तम असावीत. त्याच्या हातात एक कागदही नव्हता. बारा वर्षांत गेलेले एकोणीस खेळाडू, त्यांच्या बदल्यात आलेली सत्तावन्न पोरे, त्यातली मोठ्या संघात टिकलेली सात. सामाईक पेटीतून आलेला वाटा, खेळाडूंच्या पगारावर झालेला खर्च, आणि या दोहोंमधली दरवर्षी रुंद होत गेलेली दरी. "बॉयलरचं एक बरं असतं, साहेब," तो शेवटी म्हणाला. "आत काय चाललंय हे सांगणारा काटा बाहेर असतो. तुमचा काटा कुठाय? तो दाखवा, मग माझ्या बहिणीच्या ठेल्यावरच्या मोहरीच्या सॉसवर कर मागा." गृहस्थांनी फोन ठेवला. मर्व्ह उभा राहून टाळ्या वाजवत होता. फोनचे सगळे दिवे एकाच वेळी लुकलुकत होते.

परतताना पूल ओलांडेपर्यंत गसने खिडकीची काच दोनदा खाली-वर केली. मग त्याने विचारले, "ते वाक्य राहिलंच ना?"

"राहिलं," मी म्हणालो.

"मी शेवटी म्हणणार होतो."

मंगळवारी मतदान होते, त्याच शाळेच्या व्यायामशाळेत, जिथे त्याने एकतीस हिवाळे ऊब पुरवली होती. माझे मत मी सकाळीच देऊन आलो होतो. मी दारापाशी थांबलो. पाठमोरा गस पुठ्ठ्याच्या आडोशामागे वाकून उभा होता. मतपत्रिकेवरचे एक वर्तुळ भरायला लागतो त्यापेक्षा खूपच जास्त वेळ तो तिथे होता. बाहेर आला तेव्हा टोपी त्याच्या हातात होती.

"होय म्हटलं," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला होय म्हटलं. हात धुवायला कुठे जागा आहे का बघ."

बुधवारी सकाळी निकाल कळला. चार हजार एकशे दहा मतांनी कर फेटाळला गेला होता. मी गसला बेकरीत घेऊन गेलो तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला ओळखले आणि भोंगा वाजवला. काल वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. बेकरीवाल्या बाईंनी खसखशीचा रोल त्याच्या हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. "आमच्यातर्फे, गस. तुम्ही आमचं गाव वाचवलंत." त्याने रोल घेतला. न घेणे त्याला जमले नाही. आम्ही घरी पोचायच्या आतच मालकाने पत्रक काढले होते: पुढचा मोसम या शहरातला शेवटचा.

डोलोरेस खालच्या स्वयंपाकघरात बसली होती. तिच्यापुढे टेबलावर ठेल्याचा लाल एप्रन नीट घडी करून ठेवलेला होता. मी दारातूनच मागे वळलो.

"बस तू," ती मला म्हणाली. "कुठे चाललास? सोमवारी गाडी तूच चालवलीस."

मी बसलो. गसने रोलची पिशवी टेबलावर ठेवली आणि मग, ती तिथे शोभत नाही असे वाटून, खाली खुर्चीवर ठेवली.

"डॉली, मी होय म्हटलं," तो म्हणाला. "काल. आत. होय म्हटलं."

"बरं."

"खरंच सांगतोय."

"अकरा मिनिटं मी ऐकलं, गस. माझ्या मोहरीपर्यंत सगळं ऐकलं. रेडिओपाशी बसून एका वाक्याची वाट बघत होते." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांनी तुझं ऐकलं. चार हजार लोकांनी. आणि तू म्हणतोस, तुझं तू एकट्यानेच नाही ऐकलंस?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिले. "तू पाहिलंस?"

मी दारापाशी उभा होतो, हे मला सांगावे लागले.

"मग वही उघडून दाखव," ती गसला म्हणाली. "त्रेपन्न आहेत तुझ्या. हे कुठे लिहिलंय ते दाखव मला."

मतपत्रिका तर बंद पेटीत गेली होती. टेबलाचा काठ धरून ती उठली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेली. जिना चौदा पायऱ्यांचा होता. आम्ही दोघांनी त्या मोजल्या असाव्यात.

"तू जाऊ नकोस," गस म्हणाला. "चार वाजेपर्यंत थांब."

चारला वरचा रेडिओ लागला. सवयीनेच लागला असेल. गस भिंतीवरच्या फोनपाशी उभा राहून नंबर फिरवत होता. लाइन सारखी व्यस्त लागे. सगळ्या शहराला मर्व्हशी बोलायचे होते. छतातून माणसांचे आनंदी आवाज येत होते आणि दर दुसरा माणूस गसचे नाव घेत होता. चार वाजून बावीस मिनिटांनी मदतनिसाने फोन उचलला, रेडिओ बंद ठेवायची ताकीद दिली आणि त्याला पुढे जोडून दिले. गसने कागदावर वाक्य लिहून ठेवले होते. त्याचा चष्मा कपाळावर होता, तो त्याने खाली ओढला.

"मर्व्ह," तो म्हणाला, "काल मी होय म्हटलं. माझ्या बहिणीचं पोट त्या ठेल्यावर आहे. मी होय म्हटलं, आणि सोमवारी सगळ्यांना तेच सांगायचं होतं. सांगितलं नाही. चूक माझी."

रिसिव्हरमधून मर्व्हचे हसणे मला पलीकडे ऐकू आले. गड्या, आज तरी थट्टा नको, असे काहीसे तो म्हणत होता. गस हसला नाही. त्याने डोके वर केले आणि छताकडे पाहू लागला. मीही पाहू लागलो. वीस सेकंद म्हणजे किती, हे त्या घरात सर्वांना माहीत होते.

वरून मर्व्हचा आवाज आला, उत्साहाने भरलेला, जरा उशिराचा: "आणि आता लाइनवर आहे ज्याची सगळे वाट बघताहेत तो, पश्चिम भागातला..."

वर बटण फिरवल्याचा आवाज झाला आणि रेडिओ बंद पडला.

गस अजून छताकडेच पाहत होता. त्याच्या हातातल्या रिसिव्हरमध्ये मर्व्ह त्याला काहीतरी विचारत होता. मग त्याने फोन कानाला लावला आणि तो म्हणाला, "नाही, मर्व्ह. आज एवढंच."