खिंडीतला पिवळा दिवा

गाडी ह्यांची. सोळा वर्षांची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. रविवारी सकाळी बॉनेट उघडून हे तिच्यात डोकं घालून उभे असायचे आणि मी चहा तिथेच नेऊन द्यायची. मला लायसन्स काढून वीस वर्षं झाली होती, पण मी चालवली ती फार तर पौडपर्यंत, तीही हे शेजारी असताना.

मग ह्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. उजवा पाय काठीच्या आधारानं थोडा परत आला, पण वाचा अडकली ती अडकलीच. समजत सगळं होतं. बोलायला गेले की पहिलं अक्षर यायचं आणि पुढचं घशातच राहायचं. महाळुंग्याच्या एका केंद्रात आठवड्यातून तीनदा उपचार घ्यायचे ठरले. आम्ही राहतो रिहे गावात आणि घरात दोघंच, त्यामुळे ने-आण माझ्याकडे आली. महिनाभर मी छातीत धडधड घेऊन चालवली. मग जरा सवय झाली.

सवय झाली आणि त्याच आठवड्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

पहिल्या दिवशी नुसताच लागला. दुसऱ्या फेरीला वाटेतल्या खिंडीचा चढ चढताना इंजिनानं एक आचका दिला आणि पुन्हा सावरलं. तिसऱ्या फेरीला ते चढातच बंद पडलं. मागे रिकामा डंपर होता, त्यानं एवढा मोठा हॉर्न दिला की माझे कान बधिर झाले. किल्ली फिरवली, गाडी लगेच चालू झाली, आणि तेवढ्यावरच देवाचे आभार मानत मी वर पोहोचले.

घोटावड्याच्या मेकॅनिकनं स्टिअरिंगखाली वायर जोडून हातातल्या यंत्रावर बिघाडाचा कोड वाचला. पी शून्य तीन तीन पाच. मी तो पिशवीतल्या डायरीत लिहून घेतला.

"काकी, हा सेन्सर गेलाय. इंजिन किती फिरतंय ते हा कम्प्युटरला सांगतो. हा गप बसला, की कम्प्युटरला वाटतं इंजिन बंदच हाय. मग त्यो पेट्रोल तोडतो."

"चालत्या गाडीत?"

"चालत्या गाडीत."

त्यानं सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी डांबरीवरून दोन चकरा फिरवून आणली. दिवा गेला. चार दिवसांनी परत लागला. तोच कोड. त्यानं दुसरा सेन्सर घातला, बॅटरीची टोकं घासली, उंदरांनी वायर कुरतडली असेल म्हणून टॉर्च घेऊन आत शोधलं. आमच्याकडे भाताची खाचरं घराला लागून आहेत, उंदरांना तोटा नाही. मी बॉनेटमध्ये डांबरगोळ्या टाकल्या. दिवा परत लागला. मग उपचार चालू असताना मी गाडी महाळुंग्याच्या मोठ्या, काचेच्या गॅरेजात नेली. तिथल्या मुलानं हिंदीत सांगितलं, "मॅडम, हमने चलाके देखा, सब नॉर्मल है." त्यानं चालवली होती सपाट, रुंद रस्त्यावर, नव्या इमारतींच्या मधून. तिथे ती माझ्या हातातही कधी बंद पडली नव्हती. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त भीती होती.

ती भीती कशी होती ते सांगते. जाण्याच्या दिवशी पहाटेच जाग यायची. ह्यांना शर्ट घालताना बटणं माझ्याच हातातून सुटायची. गाडी सुरू केली की नजर रस्त्यावर कमी आणि त्या पिवळ्या दिव्याच्या जागेवर जास्त. मुलीला फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. ती बंगळुरूला, ऐकून करणार काय? भाड्याची गाडी बोलवून पाहिली, पण एवढ्या आत यायला चालक कबूल व्हायचे आणि ऐनवेळी रद्द करायचे. उपचारांत खंड पडला तर वाचा परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यातच ह्यांचं एक नवं सुरू झालं. चढ आला की हे डाव्या हातानं डॅशबोर्ड थोपटायचे आणि म्हणायचे, "हळ... हल..."

"हो, हळूच चालवते," मी म्हणायची, आणि गिअर उतरवून आणखी हळू, आणखी जोर लावत चढायची. त्यावर हे आणखी चिडायचे. मान हलवायचे, डॅशबोर्डवर मूठ आपटायचे. मला वाटायचं, ह्यांचाही माझ्यावर विश्वास राहिला नाही. एकदा मी रडले. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग तो सोमवार. सकाळचे दहा वाजले असतील. खिंडीतल्या शेवटच्या वळणाच्या आधी, सगळ्यात उभ्या जागी, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन गेलं. आवाज असा तुटला की टायरखालची खडी ऐकू आली. गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. मी ब्रेक दाबला, घाबरून सोडला, परत दाबला, परत. इंजिन बंद असताना असं केलं की ब्रेक घट्ट होतो, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा पायाखाली जणू दगड आला. आरशात खडीनं भरलेला डंपर दिसत होता. त्याची जाळी मोठी होत चालली होती.

हँडब्रेक आमच्या दोघांच्या मध्ये असतो, म्हणजे ह्यांच्या उजव्या हाताशी. तो हात मांडीवर निपचित पडलेला. हे अख्खे वळले, डावा हात आडवा घातला आणि हँडब्रेक ओढला. मग मीही दोन्ही हातांनी त्यांच्या हातावरून ओढला. गाडी थांबली. डंपरवाला आधीच थांबला होता. मध्ये दोन हातांचं अंतर असेल. तो खाली उतरला, चाकामागे दगड लावला. माझा चेहरा पाहून त्याला शिवी देववली नसावी.

त्या दिवशी आम्ही उपचाराला गेलो नाही. त्यानं गाडी वळवून दिली आणि मी उताराउतारानं घरी आणली. अंगणात बंद केली. किल्ली काढून हातात धरली आणि तिथेच बसून राहिले. आणि हे शेजारी बसून पुन्हा तेच. "हल... हल..." आता तर गाडी उभी होती.

"आणखी किती हळू?" मी ओरडले. "थांबलीये ना आता?"

आमच्या कुंपणाला लागून एक बाई शेळ्या राखतात. मी त्यांना मावशी म्हणते. आवाज ऐकून त्या फाटकातून आत आल्या.

"का गं वरडतीस त्याच्यावर?"

"मावशी, सारखं हळू हळू करतात. मी अजून किती..."

"थांब." त्या खिडकीशी वाकल्या. "बोल रं बाबा. सावकाश बोल."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. मी मध्ये बोलणार तोच मावशींनी हात वर केला. बराच वेळ गेला.

"हल... तं... य."

"हळू न्हाई म्हनत त्यो," मावशी म्हणाल्या. "हलतंय म्हनतोय. कायतरी हलतंय. काय हलतंय रं?"

ह्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हातानं बॉनेटकडे बोट केलं. डोळ्यांतून पाणी आलं होतं. दीड महिना मी त्यांना प्रत्येक फेरीला चुकीचं उत्तर देत होते.

मी बॉनेट उघडलं. हे काठी टेकत बाजूला उभे राहिले, मावशींनी त्यांना दंडाला धरलं. त्यांनी खुणेनं मला आत बसवलं. हँडब्रेक, पहिला गिअर, क्लच थोडासा सोड, ॲक्सिलरेटर दे. बॉनेट उघडं, समोरचं काही दिसत नाही, बाजूला नवरा काठीवर उभा, आणि मी गाडी गिअरमध्ये टाकते आहे. पाय सटकला तर? मी त्यांना आणखी लांब उभं राहायला लावलं आणि मगच क्लच सोडला.

"अगं बया," मावशी म्हणाल्या, "इंजान उठतंय की जाग्यावरनं. मागं कलंडतंय बघ."

इंजिनाला भक्कम धरून ठेवणारा एक रबरी आधार असतो. आमच्या गाडीचा तो पार फाटला होता. सपाटीवर इंजिन गप्प बसायचं. चढाला जोर लावला की ते मागे झुकायचं, सेन्सरकडे जाणारी वायर ताणली जायची आणि आतून तुटलेली तार क्षणभर सुटायची. इंजिन बंद पडलं, की ते परत जागेवर बसायचं आणि तारही परत जुळायची. म्हणून किल्ली फिरवली की लगेच चालू. हे सगळं घोटावड्याच्या मेकॅनिकनं दुपारी घरी येऊन, वायर बोटानं ओढून दाखवत सांगितलं. सेन्सर दोन्ही वेळा चांगलेच होते. त्यानं आधार बदलला, वायरचा तो तुकडा कापून नवा जोडला, आणि ह्यांच्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "काका, तुमाला ठावं हुतं व्हय?"

इंजिन झुकलं की ह्यांच्या तळपायांना धक्का बसत होता. प्रत्येक चढाला, पायाखालच्या पत्र्यातून. सोळा वर्षं जी गाडी पायांनी ऐकली, तिचा आवाज त्यांना नवा वाटला होता, एवढंच.

बुधवारी पुन्हा निघालो. दुरुस्ती झाली होती, पण माझी भीती गेली नव्हती. खिंडीच्या पायथ्याशी मी गाडी बाजूला घेतली आणि मागची सगळी वाहनं जाऊ दिली. शेवटी एक एसटी गेली. रस्ता रिकामा झाला. मी ह्यांना विचारलं, "जाऊ?" आणि या वेळी पुढे काहीच बोलले नाही. उत्तर यायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात आणखी एक टेम्पो निघून गेला.

"जा," हे म्हणाले.

सोमवारची ती जागा आली. इंजिन ओढत राहिलं. वळण गेलं, माथा आला, पलीकडचं खोरं दिसायला लागलं. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. आता काही कारण नव्हतं, तरी स्टिअरिंगवरची माझी बोटं सुटेनात. नखं पांढरी पडली होती. ह्यांनी ती थोडा वेळ पाहिली. मग डावा हात पुढे करून माझं एकेक बोट सोडवायला लागले, करंगळीपासून.

केंद्रात आम्हाला पाऊण तास उशीर झाला.