ग्रॅनाइटचा बाक आणि न लागणारं दार

बाक निवडायला जमलेल्या मंडळींत बूट बदलण्यासाठी बाकावर बसलेली अशी मी एकटीच होते. बाकीच्यांचा बाकाशी संबंध बगिच्यातला, फिरून दमल्यावर टेकण्यापुरता. तरी बोलत तेच होते. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात असंच चालतं. मी पडले नुसती खेळाची शिक्षिका, मला काय कळणार!

प्रश्न मुलींच्या कबड्डी संघाच्या खोलीचा होता. दर्यापूरची एक पोरगी माझ्या संघात होती. अशी चढाई करणारी मुलगी मला पुन्हा मिळायची नाही. तिचा बाप शेतकरी, रोखठोक माणूस. प्रवेशाच्या वेळीच मला म्हणाला होता, "खेळू द्या पोरीले, माहं काई म्हननं नाई. पन कपडे बदलाले बंद दाराची खोली पायजे. तेवढा शब्द द्या मले." मी शब्द दिला. का नाही देणार? मी अकोल्याची. शाळेत असताना दोघींनी ओढणी धरायची आणि तिसरीने मागे कपडे बदलायचे, असंच मीही खेळले. त्या ओढणीचा मला अजून राग येतो.

खोली बांधून झाली तेव्हा मी अकोल्याला जाऊन एका कारागिराकडे बाक बघून आले. अरुंद, बिनपाठीचा, भिंतीला बोल्टने आवळलेला. स्टीलच्या पट्ट्यांमध्ये फट, म्हणजे ओल्या कपड्यांचं पाणी साचत नाही. खाली बॅगा सरकवायला जागा आणि गोल कोपरे, म्हणजे गुडघा फुटत नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, साधं लोखंड घामाने गंजतं, हे सगळं मी त्या बैठकीत सांगितलं. मंडळी चिवडा खात होती.

संस्थेचे अध्यक्ष वकील. त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, "याला पाठ नाही?"

"नाही. खेळाडूंना लागत नाही."

"मग नाव कुठे घालायचं?"

तर मुद्दा हा होता. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय कोणी काही देत नाही. आमच्या सभागृहातल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत, ती वाचायची तर पंखा बंद करून घामाघूम व्हावं लागतं. हा बाक अध्यक्षांच्या वडिलांच्या स्मरणार्थ होता. म्हणून तो ग्रॅनाइटचा ठरला, उंच पाठीचा आणि बैलगाडीएवढा रुंद. "टिकाऊ पाहिजे मॅडम," ते मला समजावून म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही."

शिवाय दारातून आत बघताच नाव दिसायला हवं, म्हणून तो बरोबर दारासमोर मांडला. दार आत उघडणारं. मजुरांनी ते सताड उघडून भिंतीला टेकवलं, बाक आत आणला आणि त्याचे पाय फरशीत सिमेंटने पक्के केले. संध्याकाळी मी दार लावायला गेले, तर ते अर्ध्यावर येऊन बाकाला धडकलं. बंद व्हायला दाराने ज्या जागेतून फिरायचं, तीच जागा बाकाने अडवली होती. एवढ्या शिकल्यासवरलेल्या माणसांत एकालाही दार लावून बघायचं सुचलं नव्हतं.

मी अध्यक्षांकडे गेले. बाक हलवायचा विषय त्यांनी मला काढूही दिला नाही. मग म्हटलं, दार उलटं बसवू, व्हरांड्यात उघडेल. त्यांचा चेहरा पडला. दाराशेजारीच उद्घाटनाची कोनशिला होती, तिच्यावर त्यांचं स्वतःचं नाव. दार बाहेर उघडलं की ती झाकली गेली असती. "पडदा लावून घ्या," ते म्हणाले. वडील आत, मुलगा बाहेर, आणि दोघांच्या मधे माझ्या पोरी पुन्हा ओढणी धरून उभ्या.

पोरीचा बाप सामना बघायला आला, तेव्हा मैदानाआधी खोलीकडेच गेला. पडदा सारला, दार ओढलं. ते धडकलं. त्याने पुन्हा ओढून पाहिलं.

"हे दार काहून लागत नाई?"

"बाक आडवा येते ना, भाऊ."

"मंग काढा ना बाक."

"स्मरणार्थ हाये तो."

त्याने नाव सावकाश वाचलं. हात जोडून त्याला नमस्कारही केला, मेलेल्या माणसाशी त्याचं भांडण नव्हतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आन् आमच्या जित्या पोरी?"

सामना झाला, आम्ही जिंकलो, आणि तो पोरीला घेऊन गेला. पोरगी रडत होती. जीपमधून दर्यापूरला पोचेपर्यंत त्याने हे चार जणांना सांगितलं असणार, कारण नंतर तिकडच्या बाकी मुलीही एकेक करून यायच्या थांबल्या. यंदा संघच उभा राहिला नाही.

परवा अध्यक्ष पाहुण्यांना ती खोली दाखवत होते. ग्रॅनाइटवरून हात फिरवत मला म्हणाले, "बघा मॅडम, मी म्हटलं नव्हतं? एक ओरखडा नाही."

"ओरखडा पडाले कोनी बसाले तं पायजे, साहेब," मी म्हटलं.

पाहुणे हसले. अध्यक्षही हसले, आणि रुमाल काढून नावावरची धूळ पुसायला लागले.